अर्धवाहकातील अशुद्धीचे अणू प्रभारवाहकांना कसे बांधून ठेवतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धवाहकांचे सारे तंत्रज्ञान मोजूनमापून मिसळलेल्या अशुद्धीवर उभे आहे. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात, आणि त्यांत दहा लाखांमागे एक अणू फॉस्फरसचा असला तरी खोलीच्या तापमानाला स्फटिकाची वाहकता लक्षावधी पटींनी वाढते. हे अणू वीज वाहून नेणारा इलेक्ट्रॉन (एक प्रभारवाहक) 'देतात' एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र देण्याआधी ते त्याला धरून ठेवतात, आणि ती पकड किती घट्ट आहे यावरच तो कधी सुटणार, किती सुटणार आणि सुटून काय करणार हे ठरते. पुढील प्रश्न या पकडीविषयी आहेत.

अशुद्धीचा अणू स्फटिकात कुठे बसतो आणि त्याच्याभोवती काही बांधले का जाते?

फॉस्फरस, आर्सेनिक, बोरॉन यांसारखे नेहमीचे अणू सिलिकॉनच्या अणूची जागा घेऊन बसतात. सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी चार बंध करतो. फॉस्फरसकडे पाच संयुजा इलेक्ट्रॉन असल्याने चार बंध पुरे झाल्यावर एक उरतो, आणि त्याबरोबरच फॉस्फरसच्या गाभ्यावर सिलिकॉनच्या तुलनेत एक धन प्रभार जास्त असतो. हा जादा धन प्रभार जागच्या जागी खिळलेला आहे, तर उरलेला इलेक्ट्रॉन फिरू शकतो. विरुद्ध प्रभारांमधले हे आकर्षण म्हणजेच बंधनाचे मूळ होय.

लिथियमसारखे काही अणू मात्र कोणाची जागा न घेता मधल्या पोकळीत शिरतात आणि तेथून इलेक्ट्रॉन देतात. परिणाम जवळपास सारखाच असतो.

पाचवा इलेक्ट्रॉन 'मोकळा' असतो असे पुस्तकांत वाचले आहे. मग तो बांधलेला कसा?

बारावीच्या पुस्तकांत सहसा चार बंधांच्या शेजारी एक सुटा ठिपका काढून त्याला मोकळा इलेक्ट्रॉन म्हटलेले असते. खोलीच्या तापमानाला हे व्यवहारात बरोबर ठरते, पण त्या आकृतीमुळे दोन चुकीच्या समजुती रुजतात. पहिली अशी की इलेक्ट्रॉन जन्मतःच मोकळा आहे. प्रत्यक्षात अतिशीत स्फटिकात तो फॉस्फरसलाच बांधलेला असतो आणि तसा स्फटिक जवळजवळ विद्युतरोधक असतो. दुसरी समजूत अशी की बांधलेला असताना तो त्या एकाच अणूला चिकटून असतो. हा गैरसमज अधिक खोल आहे आणि तो दूर झाल्याशिवाय या विषयातले काहीच नीट उलगडत नाही, म्हणून पुढच्या दोन उत्तरांत त्यावर थोडा वेळ थांबावे लागेल.

ही बंधऊर्जा किती असते आणि ती कशी काढतात?

एक धन प्रभार आणि त्याभोवती एक इलेक्ट्रॉन ही हायड्रोजनचीच रचना आहे. हायड्रोजनमध्ये बंधऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर असते. स्फटिकात तीच रचना दोन बदलांसह उभी राहते.

पहिला बदल असा की धन प्रभार आणि इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये निर्वात पोकळी नसून सिलिकॉनचे असंख्य अणू असतात, आणि त्यांचे इलेक्ट्रॉन किंचित सरकून आकर्षण क्षीण करतात. स्फटिक आकर्षण किती पटींनी क्षीण करतो हे सांगणारा परावैद्युत स्थिरांक सिलिकॉनसाठी ११.७ आहे. बंधऊर्जेच्या सूत्रात तो वर्गाने येतो, म्हणजे केवळ एवढ्याने बंधऊर्जा सुमारे १३७ पटींनी घटते. दुसरा बदल इलेक्ट्रॉनच्या जडपणाचा. स्फटिकाच्या आवर्ती क्षेत्रातून जाणारा इलेक्ट्रॉन बाह्य बलाला असा प्रतिसाद देतो, जणू त्याचे वस्तुमान वेगळेच आहे. या प्रभावी वस्तुमानाची सिलिकॉनसाठी ढोबळ सरासरी मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.२६ पट घेता येते.

१३.६ ला ०.२६ ने गुणून १३७ ने भागल्यास सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे मिइव्हो) मिळतात. त्रिज्या ०.०५३ गुणिले ११.७ भागिले ०.२६, म्हणजे सुमारे २.४ नॅनोमीटर येते. प्रत्यक्षात मोजलेली फॉस्फरसची बंधऊर्जा ४५ मिइव्हो आहे. दोन ओळींच्या हिशेबाला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टवरून इतक्या जवळ येता यावे, हे मला आजही या विषयातले सर्वांत सुंदर यश वाटते.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रभावी वस्तुमान फक्त ०.०६७ पट आणि परावैद्युत स्थिरांक १२.९ आहे. तोच हिशेब तेथे सुमारे ५.५ मिइव्हो आणि १० नॅनोमीटर देतो, आणि मोजलेला आकडा सहाच्या थोडा आत आहे. तेथे सूत्र आणि प्रयोग जवळजवळ एकरूप होतात.

म्हणजे इलेक्ट्रॉन खरोखर इतक्या मोठ्या जागेत पसरलेला असतो?

होय, आणि हा आकार डोळ्यांसमोर आणणे फार उपयोगी ठरते. सिलिकॉनमध्ये २ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलात दीड हजारांहून अधिक अणू मावतात. गॅलियम आर्सेनाइडमधल्या १० नॅनोमीटरच्या गोलात ही संख्या पावणेदोन लाखांच्या पुढे जाते. फॉस्फरसला 'बांधलेला' इलेक्ट्रॉन आपला बहुतेक काळ सिलिकॉनच्या अणूंमध्येच घालवतो, फॉस्फरसजवळ क्वचितच असतो.

हायड्रोजनचे सूत्र येथे का चालते याचे उत्तरही यातच आहे. परावैद्युत स्थिरांक आणि प्रभावी वस्तुमान या दोन्ही कल्पना अनेक अणूंवर सरासरी घेऊनच अर्थपूर्ण होतात. कक्षा एकाच अणूएवढी असती तर त्या वापरण्याचा हक्कच उरला नसता. पकड सैल म्हणून कक्षा मोठी होते, आणि कक्षा मोठी म्हणून पकड सैल करणारे गृहीतक टिकते.

मग फॉस्फरस, आर्सेनिक आणि बिस्मथ यांची बंधऊर्जा वेगवेगळी का?

वरच्या सूत्रात अशुद्धीच्या अणूचे नावच येत नाही. त्यामुळे पाच संयुजा इलेक्ट्रॉन असणाऱ्या प्रत्येक अणूसाठी एकच उत्तर यायला हवे. सिलिकॉनमध्ये मोजलेले आकडे मात्र अँटिमनीसाठी ४३, फॉस्फरससाठी ४५, आर्सेनिकसाठी ५४ आणि बिस्मथसाठी ७१ मिइव्हो आहेत. १९५५ च्या सुमारास वॉल्टर कोन आणि जे. एम. लटिंजर यांनी सिलिकॉनमधले दिशेनुसार बदलणारे वस्तुमान नीट हाताळून सिद्धांत सुधारला, तेव्हा उत्तर २६ वरून तीसच्या आसपास गेले, पण चारही अणूंसाठी ते एकच राहिले. (याच कोन यांना पुढे १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल एका वेगळ्या, आणखी व्यापक कामासाठी मिळाले.)

उरलेला फरक अणूच्या अगदी गाभ्याजवळ तयार होतो. इलेक्ट्रॉन बहुतेक काळ दूर असला तरी काही अंशी तो अशुद्धीच्या केंद्राजवळ पोचतोच, आणि तेथे मध्ये कोणी नसल्याने आकर्षण क्षीण होत नाही. शिवाय तेथील क्षेत्र प्रत्येक मूलद्रव्याचे स्वतःचे असते.

येथे सिलिकॉनचे एक वैशिष्ट्य फार स्पष्टपणे दिसते. सिलिकॉनच्या वहन पट्ट्याचा (सुटा इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जापातळ्यांत फिरतो त्यांचा) तळ एका ठिकाणी नसून इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या सहा दिशांना असलेल्या सहा समान 'दऱ्यां'मध्ये विभागलेला आहे, त्यामुळे सर्वांत खालच्या बद्ध स्थितीची सहा रूपे संभवतात. त्यांपैकी एकाच रूपात सहाही दऱ्यांचे तरंग गाभ्यावर एकमेकांना मिळून मोठे होतात. उरलेल्या पाचांत ते तेथे एकमेकांना खोडतात. फॉस्फरससाठी पहिल्या रूपाची बंधऊर्जा ४५.६ मिइव्हो आहे, तर उरलेल्या पाचांपैकी तिघांची ३३.९ आणि दोघांची ३२.६. गाभ्याला स्पर्श न करणारी ती पाच रूपे सिद्धांताच्या तीसच्या आकड्याजवळच राहतात, आणि गाभ्यावर दाटणारे एकच रूप खाली ओढले जाते. एकाच अणूत सिद्धांताचे यश आणि त्याची मर्यादा शेजारीशेजारी मोजता येते असे उदाहरण क्वचित सापडते.

हे आकडे मोजतात कसे?

सर्वांत थेट मार्ग अवरक्त प्रकाशाच्या शोषणाचा आहे. स्फटिक द्रवरूप हीलियमने थंड केला की इलेक्ट्रॉन अशुद्धीच्या अणूंवर स्थिरावतात, आणि मग त्यांना वरच्या बद्ध पातळ्यांवर नेणाऱ्या तरंगलांबींवर शोषणाच्या बारीक रेषा दिसतात. हायड्रोजनच्या वर्णपटात दिसते तशीच ही रेषामाला असते. वरच्या ज्या पातळ्यांचे तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे किती आढळेल हे ठरवणारे फलन) गाभ्यावर शून्य होते त्या सर्व दात्यांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या अशुद्धींसाठी, सारख्याच असतात : सिलिकॉनमध्ये त्यांपैकी दोन वहन पट्ट्याच्या ११.५ आणि ६.४ मिइव्हो खाली आहेत. त्यामुळे फॉस्फरसची आणि आर्सेनिकची रेषामाला वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होते, पण या दोन रेषांमधले अंतर दोन्हींत ५.१ मिइव्होच भरते. तळाची पातळी अणूनुसार सरकते आणि वरचा जिना तसाच राहतो. नमुन्यात कोणती अशुद्धी आहे हे या रेषांवरून ओळखता येते आणि अतिशुद्ध सिलिकॉन तपासण्यासाठी ही पद्धत आजही वापरतात.

तापमानानुसार हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवी निर्माण होणारी व्होल्टता) मोजूनही बंधऊर्जा काढता येते. खोल पातळ्यांसाठी (त्यांच्याविषयी पुढे) डी. व्ही. लँग यांनी १९७४ मध्ये मांडलेली, धारकतेतील क्षणिक बदल मोजणारी पद्धत अधिक उपयोगी पडते.

होल कसा बांधला जातो?

बोरॉनकडे तीनच संयुजा इलेक्ट्रॉन असतात. चौथा बंध पुरा करण्यासाठी तो शेजारून एक इलेक्ट्रॉन घेतो, स्वतः ऋण होतो, आणि मागे राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, त्या ऋण प्रभाराभोवती बांधली जाते. तत्त्व तेच आहे, फक्त प्रभारांची चिन्हे उलट. मात्र संयुजा पट्ट्याच्या (बंधांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांच्या) माथ्यावर जड आणि हलक्या होलांचे पट्टे एकत्र येत असल्याने गणित बरेच अवघड होते. सिलिकॉनमध्ये बोरॉनची बंधऊर्जा ४५, गॅलियमची सुमारे ७३ आणि इंडियमची सुमारे १५५ मिइव्हो आहे. इंडियमची पकड इतकी घट्ट आहे की खोलीच्या तापमानालाही त्याच्या होलांचा लक्षणीय वाटा बांधलेलाच राहतो. सिलिकॉनमध्ये होल पुरवण्यासाठी बोरॉनच सर्रास वापरला जातो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

खोलीच्या तापमानाची तापीय ऊर्जा २६ मिइव्हो, आणि फॉस्फरसची पकड ४५ मिइव्होची. मग जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन सुटतात कसे?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण तो विचारणाऱ्याने दोन्ही आकडे ताडून पाहिलेले असतात. उत्तर असे की केवळ ऊर्जांची तुलना पुरेशी नसते; इलेक्ट्रॉनला राहण्यासाठी किती स्थिती उपलब्ध आहेत हेही पाहावे लागते. दर घन सेंटिमीटरला १० चा १६ वा घात इतके फॉस्फरसचे अणू असतील, तर बद्ध जागा साधारण तेवढ्याच असतात. वहन पट्ट्यात मात्र खोलीच्या तापमानाला उपलब्ध असलेल्या स्थितींची परिणामी संख्या सुमारे २.८ गुणिले १० चा १९ वा घात, म्हणजे हजारो पटींनी अधिक असते. ऊर्जेमुळे बांधलेल्या स्थितीला मिळणारे झुकते माप सहापटीच्याही आत असते. दोन्ही एकत्र केल्यास हजारातले चारच इलेक्ट्रॉन बांधलेले उरतात.

हाच स्फटिक द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विन तापमानाला नेला की सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास येतो. आणखी खाली गेल्यावर वाहक जवळजवळ संपतात. या अवस्थेला वाहकांचे गोठणे म्हणतात.

गोठलेल्या वाहकांचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो आकाशात आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरील 'मिरी' हे उपकरण ५ ते २८ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पाहते, आणि त्याचे संवेदक आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे आहेत. त्यांना ७ केल्विनच्याही खाली थंड ठेवतात, जेणेकरून प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या आर्सेनिकवर गोठून राहील आणि प्रकाश नसताना वीजप्रवाह जवळजवळ वाहणार नाही. दूरच्या धुळीच्या मेघातून आलेला फोटॉन आर्सेनिकवरचा इलेक्ट्रॉन सोडवतो आणि तोच संकेत ठरतो. ५४ मिइव्हो म्हणजे तरंगलांबीत सुमारे २३ मायक्रोमीटर. संवेदकाची मजल २८ पर्यंत जाते, कारण आर्सेनिक इतके दाट मिसळलेले असते की एकेका अणूची पातळी पसरून तिचा पट्टा होतो. त्या पट्ट्यातून प्रवाह झिरपू नये म्हणून शेजारी शुद्ध सिलिकॉनचा पातळ थर ठेवतात. सैल पकडीचा इतका नेमका उपयोग मला दुसरा माहीत नाही.

अशुद्धी खूप वाढवली तर काय होते?

कक्षा एकमेकींवर येऊ लागतात आणि एका टप्प्यानंतर इलेक्ट्रॉन कोणत्याच एका अणूचा राहत नाही. फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये हा टप्पा दर घन सेंटिमीटरला ३.७ गुणिले १० चा १८ वा घात इतक्या अणूंवर येतो, म्हणजे सिलिकॉनच्या साडेतेरा हजार अणूंमागे एक फॉस्फरस. तेव्हा दोन फॉस्फरस अणूंमधले सरासरी अंतर साडेसहा नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे कक्षेच्या त्रिज्येच्या जेमतेम तीन-चार पट असते. त्यापुढे स्फटिक कितीही थंड केला तरी तो धातूसारखा वीज वाहून नेतो. या संक्रमणाला नेव्हिल मॉट यांचे नाव आहे.

'खोल' पातळी म्हणजे काय?

जेथे हायड्रोजनचे चित्र पूर्णपणे मोडते ती. सोने किंवा लोह यांसारख्या धातूंचे अणू सिलिकॉनमध्ये वाहकाला मुख्यतः जवळच्या अणूंच्या बंधांतून आणि स्वतःच्या आतल्या कक्षांतून धरतात. इलेक्ट्रॉन मोजक्या अणूंच्या परिसरात आक्रसून राहतो आणि पातळी निषिद्ध पट्ट्याच्या (संयुजा आणि वहन पट्ट्यांमधल्या ऊर्जेच्या अंतराच्या) आत खोलवर पडते. सोन्याची एक पातळी वहन पट्ट्याच्या ०.५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली, म्हणजे १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या त्या अंतराच्या जवळजवळ मध्यावर आहे. फॉस्फरससारख्या अणूच्या उथळ पातळीवर पकडलेला इलेक्ट्रॉन चटकन परत सुटतो. खोल पातळीवर तो इतका वेळ थांबतो की तेवढ्यात होल येऊन त्याला मिळतो आणि दोन्ही वाहक नाहीसे होतात. जलद बंद होणाऱ्या डायोडमध्ये हे मुद्दाम घडवून आणण्यासाठी सोने मिसळले गेले आहे. सौर घटात मात्र हेच नुकसानकारक ठरते.

लोहाचे वर्तन जवळून पाहण्यासारखे आहे. बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये जालकाच्या पोकळीत बसलेले लोह धन प्रभारित असते आणि ते ऋण बोरॉनकडे ओढले जाऊन त्याच्याशी जोडी करते. वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) तीव्र प्रकाश टाकला की जोड्या फुटतात, सुट्या लोहाची खोल पातळी कामाला लागते आणि कमी प्रकाशात मोजलेले वाहकांचे आयुर्मान घसरते. वेफर काही तास अंधारात ठेवला की जोड्या पुन्हा जुळतात आणि आयुर्मान सावरते. या घसरणीवरूनच वेफरमध्ये लोह किती आहे हे मोजतात.

जादा प्रभार नसलेला अणू वाहकाला बांधू शकतो का?

शकतो. गॅलियम फॉस्फाइडमध्ये फॉस्फरसच्या जागी नायट्रोजन बसला तर दोघांचेही संयुजा इलेक्ट्रॉन पाचच असल्याने दूरवर पोचणारे आकर्षण नसते. पण नायट्रोजन इलेक्ट्रॉनला कितीतरी अधिक ओढतो आणि त्या अगदी अल्प पल्ल्याच्या ओढीने इलेक्ट्रॉन अडकतो. आता ती जागा ऋण झाली, म्हणून ती होलाला ओढते, आणि जोडी एकत्र येऊन प्रकाश देते. गॅलियम फॉस्फाइड एरवी प्रकाश देण्यात फार कमकुवत आहे, कारण इलेक्ट्रॉन आणि होल यांचे संवेग जुळत नाहीत. छोट्या जागेत आक्रसलेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग मात्र विस्तृत पसरतो आणि ही अडचण दूर होते. गॅलियम फॉस्फाइडचे हिरवे एलईडी याच युक्तीवर चालत.

गॅलियम नायट्राइडमध्ये होल मिळवणे इतके कठीण का होते?

होल मिळवण्यासाठी त्यात मिसळलेल्या मॅग्नेशियमची पकड २०० मिइव्होच्या आसपास असल्याने खोलीच्या तापमानाला त्याचे थोडेच होल सुटतात. त्यातच स्फटिक वाढवताना शिरलेला हायड्रोजन मॅग्नेशियमशी जोडी करून त्याला निष्क्रिय करतो. आकासाकी आणि आमानो यांच्या गटाने १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन झोताने आणि नाकामुरा यांच्या गटाने १९९२ मध्ये नायट्रोजनमध्ये तापवून ही अडचण सोडवली. निळ्या एलईडीच्या वाटेतला हा कळीचा टप्पा होता, आणि या तिघांना त्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

एकाच अणूला बांधलेला एकच इलेक्ट्रॉन वापरता येतो का?

त्याची पूर्वतयारी जुनी आहे. जॉर्ज फेहर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दात्याच्या इलेक्ट्रॉनची भोवतालच्या सिलिकॉन-२९ च्या केंद्रकांवरील घनता चुंबकीय अनुस्पंदनाने मोजली आणि तो खरोखरच दूरवर पसरलेला असल्याचे अणूगणिक दाखवले. १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी फॉस्फरसच्या केंद्रकाचे परिवलन (स्पिन) हेच क्वांटम संगणकात माहितीचे एकक म्हणून वापरण्याची कल्पना मांडली. वर ठेवलेल्या इलेक्ट्रोडला व्होल्टता दिली की इलेक्ट्रॉनचा मेघ केंद्रकापासून किंचित सरकतो, दोघांमधली ११७.५ मेगाहर्ट्‌झची परस्परक्रिया बदलते, आणि त्या एका केंद्रकाला वेगळ्या वारंवारतेवर हाताळता येते. नैसर्गिक सिलिकॉनमधले ४.७ टक्के सिलिकॉन-२९ या कामात चुंबकीय गोंगाट करते, म्हणून असे प्रयोग आता जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ मध्ये करतात.